वर्गणी काढून रॅम वाढवली, तरी रात्री नऊला सर्व्हर आडवा

आमचा माइनक्राफ्ट या खेळाचा सर्व्हर आहे, जावा एडिशन म्हणजे कॉम्प्युटरवरची आवृत्ती, साधं सर्व्हायव्हल, वर गायझर नावाचं जोडणारं प्लगइन टाकलंय म्हणून मोबाईलवरून बेडरॉक या दुसऱ्या आवृत्तीवाली पोरंपण येतात. कंपनी-बिंपनी काही नाही, आम्ही चार मित्र चालवतो, दोघं पुण्यात, एक नाशिकला आणि एक जर्मनीत नोकरीला, आणि खेळायला सगळं फुकट. एरवी दहा-पंधरा जण असतात आणि सगळं कसं लोण्यासारखं चालतं. मग मेची सुट्टी लागते, प्रत्येक जण आपला एक मावसभाऊ घेऊन येतो, आणि रात्री नऊनंतर कुणाची पेटी उघडत नाही, कुणाची गाय हवेत अडकलेली असते, आणि डिस्कॉर्डवर, म्हणजे आमच्या गप्पांच्या ॲपवर, एकच बोंब, ॲडमिन झोपला का.

दीड वर्षात हा प्रकार तीन वेळा झाला, एका मेमध्ये, मग दिवाळीत, मग परत मेमध्ये. पहिल्या दोन वेळा आम्ही काय केलं तर वर्गणी काढली, मोठा प्लॅन घेतला, आठवडाभर बरं वाटलं आणि मग जैसे थे. म्हणजे लोकांचे पैसे घेऊन आम्ही चुकीची वस्तू विकत आणली, तीही दोनदा. तुमच्याकडे पण असंच चालू असेल तर क्यूआर कोड टाकायच्या आधी हे वाचा.

आधी लॅग म्हणजे नेमकं काय ते बघा

पोरं सगळ्यालाच लॅग म्हणतात, त्यांचं काही चुकत नाही, पण तुम्ही ॲडमिन असाल तर तुम्हाला तसं म्हणून चालत नाही. कारण चार वेगळे आजार आहेत आणि चौघांचं औषध वेगळं.

पहिला म्हणजे आतच येता येत नाही, सर्व्हर फुल असा मेसेज येतो. हा खरं तर आजारच नाही, तो दारावरचा आकडा आहे, सर्व्हर प्रॉपर्टीज फाइलमधला मॅक्स-प्लेयर्स, जो मुळात २० असतो. आम्ही पहिल्या मेमध्ये तो ३० वरून ६० केला आणि स्वतःची पाठ थोपटून घेतली. एसटीच्या दाराजवळ आसनसंख्येची पाटी असते ना, ती पुसून मोठा आकडा लिहिला म्हणून आत बाकडी वाढत नाहीत, तसलाच प्रकार. उलट पाटीमुळे जे तीस जण बाहेर थांबत होते तेही आत शिरले आणि आतल्यांचा श्वास कोंडला.

दुसरा आजार टीपीएसचा, म्हणजे सेकंदाला किती टिक पडतात त्याचा. सर्व्हर सेकंदाला २० वेळा सगळं जग एकेक पाऊल, म्हणजे एकेक टिक, पुढे ढकलतो, म्हणजे एका टिकला ५० मिलीसेकंद. त्या ५० मिलीसेकंदात सगळ्या गायी, झॉम्बी, भट्ट्या, रेडस्टोन (खेळातली वीज), पाणी, गावकरी, सगळ्यांचा हिशेब उरकला तर ठीक, नाही उरकला तर जग हळू चालायला लागतं. ओळखायची खूण अशी की तुम्ही स्वतः चालताना काही वाटत नाही, कारण तुमचं चालणं तुमच्याच कॉम्प्युटरवर होतं, पण समोरची मेंढी गोठलेली दिसते, भट्टीत लोखंड वितळायला जन्म जातो, आणि दगड फोडला की फुटतो आणि क्षणभराने परत जागेवर येऊन बसतो. आणि हे सगळ्यांना एकदम होतं.

तिसरा पिंगचा, म्हणजे तुमच्यापासून सर्व्हरपर्यंत निरोप जाऊन यायला लागणाऱ्या वेळेचा. तो बहुतेक वेळा एकट्या-दुकट्याला असतो, टॅब दाबून यादी बघितली की ज्याच्या नावापुढच्या दांड्या कमी त्याचं नेट गंडलंय, त्यात तुमचा सर्व्हर काही करू शकत नाही. सगळ्यांच्याच दांड्या कमी असतील तर मशीन लांबच्या देशात आहे किंवा होस्टिंगवाल्याच्या नेटवर्कात गडबड आहे.

चौथा म्हणजे झटके. पाच मिनिटं मस्त, मग एक सेकंद सगळं थांबतं, मग परत मस्त. हे ऑटोसेव्हमुळे असू शकतं किंवा जावा आपला कचरा, म्हणजे नको झालेली मेमरी, गोळा करायला थांबते त्यामुळे. ऑटोसेव्ह बुक्किट या सर्व्हर सॉफ्टवेअरमध्ये मुळात ६,००० टिकला लागलेला असतो, म्हणजे बरोबर पाच मिनिटं, त्यामुळे झटका घड्याळ लावल्यासारखा येत असेल तर पहिला संशय तिथे घ्या आणि डिस्क किती जलद आहे ते बघा.

पहिली चूक: रॅम

होस्टिंगच्या पॅनलवर एक आलेख असतो, मेमरी ९१ टक्के, लाल रंगात. तो बघितला की कुणालाही वाटतं रॅम संपली. आम्हालाही वाटलं. ४ जीबीचा ८ केला, वर्गणीतून. चार दिवसांनी आलेख परत ९० वर. मग मला कळलं की जावाला जेवढी मेमरी द्याल तेवढी ती हळूहळू ताब्यात घेते आणि सहसा परत देत नाही, तो लाल आकडा म्हणजे भाड्याच्या घरात सामान सगळीकडे पसरलंय एवढंच सांगतो, घर लहान पडतंय असं त्यातून कळत नाही. मेमरी खरंच कमी पडत असेल तर कचरा गोळा करायचं काम सारखं सारखं चालू राहतं, प्रत्येक वेळी मोठा झटका बसतो आणि शेवटी लॉगमध्ये आउट ऑफ मेमरी येऊन सर्व्हर मरतो. आमच्याकडे यातलं काहीच होत नव्हतं. चाळीसेक माणसांच्या पेपर सर्व्हरला (पेपर म्हणजे आम्ही वापरत होतो ते सर्व्हर सॉफ्टवेअर, बुक्किटच्याच घराण्यातलं), फार मॉड नसतील तर, ८ ते १२ जीबी पुष्कळ होते. आणि उगाच ३२ जीबी दिली तर कचरा गोळा करताना उलट लांब थांबायची शक्यता वाढते.

दुसरी चूक: कोअर

दिवाळीत आम्ही शहाणे झालो होतो, म्हणजे आम्हाला तसं वाटत होतं. रॅम नको, सीपीयू वाढवू. दोन कोअरचे सहा केले, परत वर्गणी, यावेळी जास्त. फराळ खात खात मशीन हलवलं, नऊ वाजता सगळे आत आले, आणि एचटॉप (कुठला कोअर किती राबतोय ते दाखवणारं साधन) उघडून मी बघत बसलो. सहा पट्ट्या. एक पट्टी टोकापर्यंत लाल, १०० टक्के, आणि बाकीच्या पाच दहा-बारा टक्क्यांवर आरामात. तो स्क्रीनशॉट मी अजून जपून ठेवलाय.

कारण माइनक्राफ्टचा सर्व्हर जगाचा मुख्य हिशेब एकाच थ्रेडवर, म्हणजे एका वेळी एकाच कोअरवर, करतो. बाकीचे कोअर नवे चंक (जमिनीचे १६ बाय १६ ब्लॉकचे तुकडे) बनवायला, नेटवर्कला, कचरा गोळा करायला उपयोगी पडतात, पण टिक एकट्यालाच ओढायचा असतो. पंगतीला शंभर माणसं, सहा चुली पेटवल्या आणि आचारी एकच. तुम्हाला आचारी चपळ पाहिजे, म्हणजे एका कोअरचा वेग जास्त पाहिजे. स्वस्त व्हीपीएसमध्ये, म्हणजे एका मशीनचे तुकडे करून भाड्याने दिलेल्या सर्व्हरमध्ये, कोअर भरपूर देतात पण जुन्या सर्व्हर प्रोसेसरचे, मंद गतीचे, आणि शिवाय ते तुमच्या एकट्याचे नसतात. टॉप कमांड लावली की वरच्या सीपीयूच्या ओळीत शेवटी एसटी नावाचा आकडा दिसतो, स्टील टाइम, म्हणजे तुमच्या वाट्याचा वेळ शेजाऱ्याने किती पळवला. तो सतत शून्याच्या आसपास पाहिजे. आमच्याकडे रात्री तो ९ ते १४ च्या मध्ये नाचत होता, होस्टिंगवाल्याला तिकीट टाकलं तर उत्तर आलं की सर्व काही नॉर्मल आहे. नाव घेत नाही, सोडून दिलं.

पेपरवाल्यांनीच २०२३ मध्ये फोलिया काढलंय जे जगाचे तुकडे करून वेगवेगळ्या थ्रेडवर चालवतं, पण आपले नेहमीचे बरेच प्लगइन त्यावर चालत नाहीत आणि त्याचा फायदा लोक खूप लांब लांब पसरलेले असतील तेव्हाच. आमची पोरं स्पॉनपासून, म्हणजे नवा माणूस जिथे उतरतो तिथून, हजार ब्लॉकमध्येच घरं बांधतात, त्यामुळे तो नाद केला नाही.

तिसऱ्या वेळी आधी मोजलं

या मेमध्ये मी सांगितलं की मोजल्याशिवाय एक रुपया गोळा करायचा नाही. शनिवार, रात्री ९:४०, आत ४१ जण. एमएसपीटी (एका टिकला लागणारे मिलीसेकंद) कमांड मारली, ७१. म्हणजे ५० मिलीसेकंदाचं काम ७१ मध्ये होतंय, टीपीएस साधारण १४. इथे एक गोष्ट सांगून ठेवतो, नुसता टीपीएस बघू नका. एमएसपीटी ४७ असताना टीपीएस २० दाखवतो आणि तुम्ही खुश असता, पण अजून चार जण आले की कडेलोट. सकाळी, दुपारी, रात्री असे एमएसपीटीचे आकडे आठवडाभर कागदावर लिहा, त्यातून किती माणसांना किती लागतं ते आपोआप दिसतं.

मग स्पार्क, म्हणजे सर्व्हरचा वेळ कुठे जातो ते मोजणारा प्रोफायलर. पेपरच्या १.२१ पासून तो आतच येतो, जुन्या व्हर्जनला प्लगइन टाका. प्रोफायलर स्टार्ट करा, गर्दीच्या वेळी पाच मिनिटं चालू द्या, स्टॉप करा, एक लिंक मिळते, त्यात झाड उघडत उघडत जायचं की वेळ कुठे चाललाय. सकाळी अकराला तीन माणसं असताना प्रोफायलर लावून काही उपयोग नाही, डॉक्टरकडे ताप उतरल्यावर गेल्यासारखं होतं ते.

आमच्या झाडात एंटिटीच्या, म्हणजे जनावरं-माणसं-भुतांच्या, फांदीत सगळ्यात जाड डहाळी निघाली गावकऱ्यांची. टिकचा जवळजवळ तिसरा हिस्सा नुसते गावकरी खात होते. शोधत शोधत गेलो तर डोंगराच्या पोटात एक तळघर, त्यात एका ब्लॉकच्या कोठड्या, चार मजले, प्रत्येक कोठडीत एक गावकरी, समोर त्याचं लेक्टर्न किंवा बॅरल. मी मोजायला सुरुवात केली आणि १८० ला सोडून दिलं. मालक कोण तर साताऱ्याचा एक दहावीतला पोरगा, स्वभावाने अतिशय गरीब. त्याला व्हॉइसवर घेतलं.

"दादा, पण मी काही चीट नाही केलंय."

"नाही रे बाबा, चीट नाही. पण तुझे हे लोक दर टिकला उठून रस्ता शोधतात, बाहेर पडायला जागा नाही तरी शोधतात."

"दोन महिने लागले दादा. एकेकाला नावेत बसवून आणलंय."

आता याच्यावर काय बोलणार. मारून टाकले असते तर पोरगं गेलं असतं आणि त्याच्याबरोबर त्याचे सहा मित्र. आम्ही पेपरवरून पर्पर या त्याच्यावरच बेतलेल्या सॉफ्टवेअरवर गेलो, त्यात कोंडलेल्या गावकऱ्यांचं डोकं बंद ठेवायची सोय आहे, सेटिंगचं नाव लोबोटमाइझ, आता ज्याने ठेवलं त्याला ठेवू दे. गावकरी व्यवहार करतो, माल भरतो, फक्त रस्ता शोधत बसत नाही. त्याने स्वतःहून साठेक गावकरी कमी केले. दुसऱ्या दिवशी तेवढ्याच गर्दीला ५२.

उरलेलं फुकटात मिळालं. व्ह्यू-डिस्टन्स, म्हणजे किती चंक लांबपर्यंत दिसतं ते, मुळात १० असतो, म्हणजे एका माणसाभोवती २१ गुणिले २१, ४४१ चंक. सगळे लांब लांब असतील तर चाळीस जणांचे १७,६४० चंक सर्व्हरच्या डोक्यावर. ते ६ वर आणलं की माणशी १६९, चाळिसांचे ६,७६०. धुकं जवळ येतं, दोन दिवस कुरकुर होते, मग कुणाच्या लक्षातही राहत नाही. सिम्युलेशन-डिस्टन्स, जे १.१८ पासून वेगळं झालं, ते ५ केलं, शेतं-बितं आणि जनावरं तेवढ्याच भागात जिवंत राहतात. इथे एक भानगड आहे, लोकांचे फार्म लांबून चालत असतील तर ते बंद पडतात आणि तुम्हाला शिव्या पडतात, म्हणून आधी जाहीर करा. मॉन्स्टरची मर्यादा मुळात ७०, आणि पेपरमध्ये ती माणशी धरली जाते, म्हणजे चाळीस जणांना २,८०० भुतं होऊ शकतात. ती ३५ वर आणली. एकालाही कळलं नाही.

आणि चंकी, जमीन आधीच बनवून ठेवणारं प्लगइन. सुट्टीत नवीन आलेलं पोरगं काय करतं, एलिट्रा (उडायचे पंख) घालतं, रॉकेट लावतं आणि नाकासमोर उडत सुटतं, आणि त्याच्यापुढे सर्व्हर धापा टाकत नवीन जमीन बनवत असतो. जगाला सीमा घाला आणि आतली जमीन आधीच बनवून ठेवा. मध्यापासून चारी बाजूंना ५,००० ब्लॉक धरले तर ३,९०,६२५ चंक होतात, आमच्या मशीनवर ते रात्रभर चाललं आणि सकाळी डिस्क बघून पोटात गोळा आला, तर आधी डिस्कवर जागा आहे का ते बघा.

एवढं सगळं झाल्यावर ४१ माणसांना ३८ मिलीसेकंद. एक पैसा खर्च न करता. दोन वर्गण्यांचं मला त्या रात्री फार वाईट वाटलं.

मग वर्गणी कशाला

कारण मेच्या दुसऱ्या आठवड्यात ६० च्या वर लोक यायला लागले आणि ३८ चा ५५ झाला. आता करण्यासारखं काही उरलं नव्हतं, प्रोफायलरच्या झाडात कुठलीच एक डहाळी जाड दिसत नव्हती, सगळीकडे थोडं थोडं. हीच ती वेळ, आता खरंच मोठं मशीन लागतं. आणि आता नेमकं माहीत होतं की काय पाहिजे: एका कोअरचा वेग, १२ जीबी, जलद एनव्हीएमई डिस्क, बस.

जर्मनीतला मित्र म्हणाला इकडे त्याच पैशात रायझन प्रोसेसरवाली अख्खी मशीन मिळते. मिळते, खरंय. पण भारतातून पिंग सव्वाशे-दीडशेच्या घरात जातो, आणि बांधकाम करणाऱ्याला ते चालतं, तलवारबाजी करणाऱ्याला चालत नाही. आमच्यात भांडणारेच जास्त, म्हणून मुंबईतलं घेतलं. तुमच्याकडे शेतकरी आणि गवंडी जास्त असतील तर युरोपचा विचार जरूर करा, फक्त कार्डाचा परकीय चलनाचा वरचा आकार धरायला विसरू नका. मुंबईचं ४,२०० महिना, त्यावर १८ टक्के जीएसटी ७५६, एकूण ४,९५६. दिवाळीच्या वेळी आम्ही जीएसटी धरलाच नव्हता, तो खिशातून गेला.

आता गोळा कसं करायचं. आम्ही गणपती मंडळाच्या वर्गणीतच वाढलेले, तरी तिथलं शहाणपण इथे वापरायचं डोक्यात आलं नाही पहिल्या दोन वेळा. पहिल्या वेळी नुसता क्यूआर टाकला आणि जमेल तेवढे द्या म्हटलं. एकाने एकदम ५,००० दिले. आम्ही हरखलो. पंधरा दिवसांनी त्याच्या भावाला शिवीगाळीसाठी बॅन केलं तर याचा मेसेज, सर्व्हर माझ्या पैशावर चालतो. पैसे परत केले, बॅन कायम ठेवला, पण तोंड कडू झालं ते झालंच. आता माणशी जास्तीत जास्त २००. मंडळात शेठ असतात आणि त्यांचा फ्लेक्स लागतो, आपल्याला फ्लेक्सही नको आणि शेठही नको.

दुसरा प्रसंग दिवाळीचा. संध्याकाळी फोन वाजला, अनोळखी नंबर, एक बाई.

"तुम्ही गेमवाले का? माझ्या फोनवरून दोन हजार गेलेत तुम्हाला."

"ताई, ती वर्गणी आहे, तुमच्या घरातल्या कुणीतरी..."

"आठवीत आहे तो. क्लासची फी होती ती."

तिथल्या तिथे परत पाठवले, मागून त्या बऱ्याच नरमाईने बोलल्या, पण मला घाम फुटला होता. म्हणून आता नियम: अठराच्या आतल्याने स्वतः पैसे पाठवायचे नाहीत, घरातल्या मोठ्याने पाठवायचे, आणि कुणीही पंधरा दिवसांत परत मागितले तर कारण न विचारता परत. तेवढे दिवस आम्ही जमलेल्यातले थोडे बाजूला ठेवतो.

पैसे पगाराच्या खात्यात घेऊ नका, हे कळकळीने सांगतो. अनोळखी लोकांचे बारीक बारीक यूपीआय येतात, त्यातल्या एखाद्याकडे आलेला पैसा कुठल्या फसवणुकीच्या तक्रारीत असला तर साखळीत तुमच्याही खात्यावर होल्ड लागू शकतो, आणि मग घरभाडं कशातून देणार. वेगळं बचत खातं उघडा, त्यात फक्त वर्गणी. आणि वर्षभरात नातेवाईक सोडून इतरांकडून भेट म्हणून मिळालेले एकूण ५०,००० च्या वर गेले की ते करपात्र होतात, त्यामुळे उगाच जास्तीचे साठवत बसू नका.

साठवायचे नाहीत यासाठी सगळ्यात चांगली पद्धत मला दिसली ती सिटी ऑफ हीरोज या जुन्या ऑनलाइन खेळाच्या लोकांची. तो खेळ कंपनीने २०१२ च्या नोव्हेंबरअखेर बंद केला, २०१९ मध्ये चाहत्यांनी होमकमिंग नावाने सर्व्हर उभा केला आणि जानेवारी २०२४ मध्ये त्यांना मूळ कंपनीकडून रीतसर परवानाही मिळाला. त्यांचं देणग्यांचं गणित साधं: दर महिन्याला खर्च किती ते सांगायचं, तेवढे जमले की खिडकी बंद. आम्ही तेच केलं. दोन महिन्यांचे ९,९१२ रुपये हवेत असं लिहिलं, खाली जमा-खर्चाची शीट सगळ्यांना बघायला उघडी, होस्टिंगचं बिल चिकटवलेलं, आणि शीटवर दोघांची नजर, एकट्याची नाही. तीन दिवसांत जमले आणि क्यूआर काढून टाकला. त्यानंतर ज्यांना द्यायचे होते आणि राहिले ते हळहळले, आणि हळहळलेला माणूस दिवाळीत पहिला येतो, हा मंडळाचा जुना अनुभव.

दिल्याबद्दल काय द्यायचं? वस्तू द्यायची नाही. माइनक्राफ्ट बनवणाऱ्या मोजांगने २०१४ मध्येच सांगितलंय की देणगी घ्यायला हरकत नाही पण पैसे देणाऱ्याला खेळात वरचढ करायचं नाही, म्हणजे तलवार, चिलखत, हिरे असलं काही विकायचं नाही. रंगीत टोपी, दिसण्यापुरतं काही, चालतं. लक्ष्य पूर्ण झाल्यावर सगळ्यांना सारखं काही दिलं तरी चालतं, म्हणून आम्ही स्पॉनला फटाके उडवले आणि सगळ्यांना एकेक केक वाटला. पैसे देणाऱ्याला रांगेत पुढे घ्यायचं का यावर आमच्यात दोन रात्री वाद झाला, मी विरोधात होतो आणि अजून आहे. सुट्टीत आलेल्या ज्या पोराकडे दोनशे रुपये नाहीत त्याच्यासाठीच तर जागा वाढवतोय आपण. आणि लकी ड्रॉ अजिबात नको, पैसे घेऊन सोडत काढली की ती लॉटरीत मोडू शकते.

माइनक्राफ्टचं बरं आहे, सर्व्हर चालवायला कंपनीचीच मुभा आहे. तुमचा सर्व्हर दुसऱ्या एखाद्या खेळाचा, कंपनीचा मूळ खेळ उलगडून परवानगीशिवाय बनवलेला असेल तर वर्गणी काढायच्या आधी शंभरदा विचार करा. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या खेळाचा चाहत्यांनी चालवलेला नोस्टॅलरियस सर्व्हर तर फुकट होता, लाखो खाती होती, तरी खेळाच्या कंपनीच्या, ब्लिझार्डच्या, वकिलांचं पत्र आलं आणि एप्रिल २०१६ मध्ये बंद करावा लागला. आणि वर्षाची वर्गणी आगाऊ घेतली असेल तर अशा वेळी ती परत कुठून देणार.

दोन सर्व्हर करून मध्ये व्हेलॉसिटी (लोकांना एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर नेणारा दुवा) लावायचं का असं बऱ्याच जणांनी विचारलं. क्रिएटिव्ह आणि मिनीगेम वेगळ्या मशीनवर टाकायला उत्तम, आम्ही टाकले, त्याने मुख्य जगातले आठ-दहा लोक कमी झाले. पण सर्व्हायव्हलचेच दोन तुकडे केले की पिशवीतल्या वस्तू दोन्हीकडे सारख्या ठेवायची डोकेदुखी सुरू होते आणि डुप्लिकेट हिरे निघायला लागतात. साठ-सत्तर लोकांसाठी त्या भानगडीत पडू नका.

परत खाली येताना

सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते इथे. सुट्टी संपते, दहा-पंधरा जण उरतात, आणि मोठा प्लॅन महिनोन्‌महिने चालू राहतो कारण हलवायचा कंटाळा. मग वर्गणी संपते, ॲडमिन खिशातून भरतो, वैतागतो आणि पुढच्या सुट्टीत परत पहिल्यापासून. मोठं मशीन घेतानाच कॅलेंडरवर उतरायची तारीख टाका. आम्ही १५ जून टाकली होती, मग लक्षात आलं की विदर्भातल्या शाळा उशिरा उघडतात, नागपूर-अमरावतीची आमची पोरं जूनच्या शेवटापर्यंत दुपारभर ऑनलाइन असतात, म्हणून ३० जून केली. बिलाची तारीख कधी आहे ते बघा, एक दिवस उशीर झाला की पूर्ण महिन्याचे पैसे जातात.

उतरताना आमची रात्र गेली ती एका ओळीपायी. जग हलवलं, प्लगइन हलवले, जुन्या ८ जीबीच्या मशीनवर स्टार्ट मारलं, सर्व्हर वर आला, सगळे खुश, आणि चाळीस मिनिटांनी लॉगमध्ये काहीही न लिहिता मेला. परत चालू केला, परत मेला. जावाचा एरर नाही, क्रॅश रिपोर्ट नाही, काही नाही. लोकांनी लगेच सुरू केलं, रॅम वाढवा, वर्गणी काढा. शेवटी लिनक्सचा लॉग डीमेसेज लावून बघितला तर कर्नलने, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने, मारलेला, आउट ऑफ मेमरी किलर. स्टार्ट स्क्रिप्टमध्ये एक्सएमएक्स आणि एक्सएमएस, म्हणजे जावाला जास्तीत जास्त आणि सुरुवातीला किती मेमरी द्यायची ते आकडे, दोन्ही अजून १२ जीबीवरच होते, मोठ्या मशीनचेच, आणि मशीनमध्ये आहेत आठ. दोन्ही ६ वर आणले, दोन जीबी सिस्टिमला आणि जावाच्या बाकीच्या खर्चाला सोडले, मॅक्स-प्लेयर्स ८० चा परत ३० केला, व्ह्यू-डिस्टन्स ८ केला कारण आता माणसं कमी आहेत तर तेवढं धुकं तरी लांब जाऊ दे. साताऱ्याच्या त्या पोराचे गावकरी लहान मशीनवर सुखरूप पोचले का ते त्याने रात्री एक वाजता स्वतः येऊन, एकेका कोठडीसमोर उभं राहून मोजलं. दोन कमी भरले. ते शोधणं अजून चालू आहे.